झाकणवाला कोळशाचा ग्रिल: सुदामानगरच्या अंगणातून

ग्रिल घेऊ का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: वेळ किती लागतो? कोळसा फुलायला वीस मिनिटं, जाळी तापायला दहा, आणि मग पदार्थ भाजायला जो लागेल तो. पहिला घास तोंडात पडेपर्यंत पाऊण तास धरून चाला. हा पाऊण तास ज्यांना जड जातो त्यांनी खुशाल गॅसचा ग्रिल घ्यावा. तो दहा-पंधरा मिनिटांत तापतो आणि त्यावर पदार्थही चांगले होतात. मी कोळशाचा घेतला तो या पाऊण तासासाठीच. इंदूरला सुदामानगरच्या आमच्या मागच्या अंगणात एवढ्या वेळात ज्या गप्पा होतात, त्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसून कधी झाल्या नाहीत. आणि त्यातली एकही ग्रिलबद्दलची नसते.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. गोल बुडाचा, झाकणाचा, तीन पायांचा ग्रिल. भाजायच्या जाळीचा व्यास ४७ सेंटिमीटर, म्हणजे साडेअठरा इंच. आत खाली कोळशाची जाळी, वर पदार्थांची. बुडाशी हवेच्या झडपा, झाकणाला एक झडप आणि काट्याचा तापमापक, सगळ्यात खाली राख पडायला ताटली. दोन पायांना चाकं. मला साडेआठ हजारांना पडला, कोळसा पेटवायची चिमणी वेगळी घ्यावी लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्याचे ग्रिल वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, आणि माझ्या तक्रारी माझ्या वाट्याला आलेल्या एका नगापुरत्याच आहेत.

साचा मात्र सगळ्यांचा एकाच माणसाचा. अमेरिकेत शिकागोकडे वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाचा कारखाना होता, तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तयार व्हायचे. जॉर्ज स्टीफन तिथेच कामाला. उघड्या ग्रिलवर वाऱ्यानं राख उडते, आच कमी-जास्त होते, याला ते वैतागलेले होते. १९५२ साली त्यांनी बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याला मूठ बसवून त्याचं झाकण केलं. एवढंच. पण या झाकणामुळे कोळशाच्या शेगडीची भट्टी झाली, आणि माझ्या मते या वस्तूचे निम्मे पैसे त्या झाकणाचेच आहेत. ते का, ते पुढे बाफल्यांच्या, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, वेळी सांगते.

मंडळी कोण, तर घरचेच. पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात असलेले धाकटे दीर, जाऊबाई, त्यांचा लग्नाच्या वयाचा मुलगा, शेजारचे जैन काका-काकू, आणि पुण्याच्या वन्सं माहेरी आल्या असतील तर त्या. चिमणी पेटवायचं काम भाऊजींचं. चिमणी म्हणजे मूठ असलेलं पत्र्याचं उभं नळकांडं, आत बुडाकडे जाळी. वर कोळसा भरायचा, खाली वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगळून ठेवायचे आणि काडी लावायची. बस. रॉकेल, पेट्रोल असलं काही ओतायचं नाही. त्याचा वास पदार्थाला लागतो आणि भडका उडण्याचा धोका असतो तो वेगळाच.

पण कागद चुरगळला जाईल तर ना! रद्दीतला ‘नईदुनिया’ काढला रे काढला की जाऊबाई तो हातातून ओढून घेतात आणि लग्नाच्या जाहिराती मोठ्यानं वाचायला लागतात. ‘इंदौर में स्वयं का मकान’ आलं की सगळे पुतण्याकडे बघतात. तो म्हणतो, “काकू, तो कागद आधी पेटवा.” भाऊजी म्हणतात, “थांब रे भिया, खाली पगार दिलाय.” अशा चार जाहिराती झाल्यावर तो कागद चिमणीखाली जातो.

मग पुढची वीस मिनिटं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला ही वीस मिनिटं बघायला फार आवडतात. पहिल्यांदा पांढरट, दाट धूर येतो. त्यात कागद असतो, कोळशातली ओल असते, आणि नीट न जळलेल्या लाकडाचा अंशही असतो. सगळे खुर्च्या वाऱ्याच्या उलट बाजूला सरकवतात. मग धूर विरळ होत जातो आणि आतून तडतड ऐकू येते. खालच्या भोकांतून नारिंगी दिसायला लागतं. वरचे कोळसे अजून काळेच असतात, पण त्यांच्या कडांना राखाडी किनार धरते. चिमणीच्या तोंडावरची हवा इतकी थरथरते की पलीकडची तुळस हललेली दिसते. वरच्या थराला राखेचा पातळ पांढरा मुलामा चढला की कोळसा तयार. त्याआधी ओतायची घाई करू नये, नाहीतर धुराची कडवट चव भाज्यांना धरते.

लाकूड हवेशिवाय ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्यातलं पाणी, डांबर आणि जळणारे वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. म्हणून चांगल्या कोळशाला ज्वाळा कमी आणि धग जास्त. फुललेला निखारा वरवर शांत दिसतो, पण हात जाळीपासून वीतभर वर धरून बघा, दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागतो. हीच तापलेल्या आचेची खूण. चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम.

या वीस मिनिटांत आमच्याकडे एक प्रश्नमंजूषा ठरलेली आहे. भाऊजी विचारतात: होळकरांच्या ९१२ मधली सहा शतकं कुणाची? १९४५-४६ च्या रणजीत होळकर संघानं इंदूरलाच म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला होता, आणि त्या एका डावात सहा जणांनी शतकं ठोकली होती. भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू आणि निंबाळकर, ही पाच नावं सगळ्यांना पाठ आहेत. सहावं, प्रतापसिंग, दर वेळी कुणाच्या तरी जिभेवर अडकतं. ज्याचं अडकेल त्यानं कांदे सोलायचे. पुतण्या कांद्यातून सुटण्यासाठी विषय बदलतो: “होळकर स्टेडियमवर सेहवागनं एकट्यानं २१९ केले, ते नाही का विचारत?” तो ८ डिसेंबर २०११ चा सामना त्यानं लहानपणी टीव्हीवर पाहिलाय आणि त्यातले चौकार तो आजही हातवारे करून दाखवतो.

वन्सं पुण्याच्या. त्या लगेच भाऊसाहेब निंबाळकरांना पुण्याकडे ओढतात. “तुमच्या होळकरांकडे शतक, आमच्या महाराष्ट्राकडे नाबाद ४४३!” तेही खरंच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर होते, ब्रॅडमन यांच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊच धावा कमी, आणि समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. हे नऊ राहिले याची हळहळ आमच्या अंगणात अजून ताजी आहे. जैन काका प्रत्येक वेळी तेवढ्याच कळकळीनं म्हणतात, “अरे, दोन ओव्हर तर थांबायचं होतं त्यांनी!”

मला या ग्रिलचं सगळ्यात मोठं देणं वाटतं ते हे, की यात मी बाहेर असते. पाहुणे आले की घरची बाई गॅसपाशी आणि हसण्याचे आवाज भिंतीपलीकडून, हे मी लग्न झाल्यापासून अनुभवलंय. कोळसा अंगणात असतो, त्यामुळे रांधणारी अंगणात असते. चिमटा कुणाच्याही हातात जातो. भाऊजी वांगी उलटतात, पुतण्या भुट्टे फिरवतो, हे पानं मांडतात, आणि मी निंबाळकरांवर माझं मत देते. उत्पादनाच्या परीक्षणात हा मुद्दा कुणी लिहीत नाही. मी पैसे वसूल झाले म्हणते ते यासाठी.

आता भाजण्याकडे. फुललेला कोळसा सगळीकडे पसरू नका. अर्ध्या बाजूला रचा, अर्धी बाजू मोकळी ठेवा. कोळशावरची बाजू खरपूस डाग पाडायला, मोकळी बाजू आतपर्यंत शिजवायला. आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेनं. ती उघडी तर ऑक्सिजन जास्त आणि आच जास्त. अर्धी लावली की दहाएक मिनिटांत काटा उतरायला लागतो. झाकणाची झडप मात्र भाजताना पूर्ण बंद करू नये, धूर आत कोंडून पदार्थाला काजळीचा वास येतो. झाकण ठेवताना ती झडप मोकळ्या बाजूवर येईल असं फिरवा, म्हणजे गरम हवा पदार्थावरूनच बाहेर जाते.

बाफले. माळव्यातल्या माणसानं हा ग्रिल घ्यायचा तर बाफल्यांसाठी घ्यावा, हे मी छातीठोकपणे सांगते. जाडसर दळलेली कणीक, त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ आणि हात न आखडता तुपाचं मोहन. घट्ट भिजवून गोळे करायचे, उकळत्या पाण्यात सोडायचे आणि वर तरंगून आले, आतून शिजले की काढून निथळायचे. बाटी थेट भाजतात, बाफला आधी उकडतात. म्हणून बाफला आतून मऊ राहतो. निथळून पंख्याखाली वरचं पाणी पूर्ण सुकू द्या, ओला बाफला जाळीला चिकटतो. मग मोकळ्या बाजूला मांडून झाकण ठेवायचं आणि झाकणावरचा काटा २०० च्या आसपास राखायचा. अर्ध्या तासात तयार होतात, मधे एकदा फिरवायचे.

इथे झाकणाचं काम दिसतं. उघड्या शेगडीवर बाफला खालून करपतो आणि वरून पांढरा राहतो, सारखा फिरवत बसावं लागतं. झाकणाखाली गरम हवा चारी बाजूंनी फिरते. वरचा पापुद्रा बदामी होतो, त्यावर बारीक भेगा पडतात, आणि कोळशाकडच्या बाजूला दोन-तीन गडद ठिपके येतात. फडक्यात धरून दाबला की तो खडखडीत आवाज करून चार फाकांत उघडतो, आतून वाफ येते, आणि ओव्याचा वास आधी पोचतो. त्या उघड्या फाकांवर तूप ओतलं की क्षणभर वर तळं साचतं आणि बघता बघता आत जिरून जातं. गोवऱ्यांवरच्या बाफल्याला जो एक धुरकट गोडसर वास असतो तो यात येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जैन काकूंच्या माहेरी शेतावर कंड्यांवर बाफले होतात, त्या पहिला घास घेऊन म्हणाल्या, “वास नाही, पण शिजलाय आमच्यापेक्षा एकसारखा.” मला हे प्रमाणपत्र पुरतं.

जैन काका-काकू सूर्यास्ताआधी जेवतात, कंदमुळं खात नाहीत. म्हणून ते येणार त्या दिवशी सगळं शाकाहारी, कोळसा दुपारी साडेचारलाच पेटतो, आणि त्यांच्यासाठी पदार्थांची वेगळी जाळी आहे. या मापाची जादा जाळी सुटी मिळते, घेऊनच टाका. त्यांच्या फेरीत भुट्टे, ढोबळी मिरची, पनीर आणि बाफले. पनीर मोठ्या चौकोनी तुकड्यांत कापावं आणि कोळशाच्या बाजूला दोन-दोन मिनिटंच ठेवावं, जास्त ठेवलं तर चामट होतं. भुट्टा आधी सालीसकट मोकळ्या बाजूला दहा-पंधरा मिनिटं, मग साल सोलून थेट निखाऱ्यांवर फिरवत. दाणे आत रसरशीत राहतात आणि वर डाग पडतात. लिंबू आणि जीरावन, म्हणजे आमचा चटपटीत इंदुरी मसाला, चोळायचं. सराफ्याला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊन भुट्ट्याचा कीस खाणारे भाऊजी दर वेळी सांगतात की भुट्टा किसण्यासाठीच जन्माला येतो, आणि दोन भाजलेले संपवून मगच थांबतात.

काका जेवून हात धुतात तोवर दिवेलागण होते आणि मग गराडूची, म्हणजे आमच्याकडच्या एका कंदाची, पाळी. थंडीत चोइथराम मंडीत गराडू आला की मी किलोनं आणते. सोलताना हाताला तेल लावा, खाज सुटते. तुकडे करून अर्धवट उकडायचे, तेलाचा हात लावायचा आणि कोळशावर कुरकुरीत करायचे. सराफ्यातल्या तळलेल्या गराडूची सर याला येईल असं मी म्हणणार नाही, तळणाचा खमंगपणा तळणाचाच. पण कोळशावरचा गराडू दुसऱ्या दिवशी पोटात जड वाटत नाही आणि जीरावन त्याच्यावर जास्त खुलतं.

जीरावनावरून पोह्यांवर गाडी जाणारच. वन्सं म्हणतात, पोह्यात बडीशेप कोण घालतं? जाऊबाई म्हणतात, पोहे फोडणीला टाकून परततात कोण, वाफेवर ठेवायचे असतात. वर शेव, कांदा, जीरावन, डाळिंबाचे दाणे, शेजारी जलेबी. यावर आमच्याकडे आजवर समझोता झालेला नाही आणि होऊ नये असं मला मनापासून वाटतं. हे मात्र दोन्ही बाजूंचे पोहे खातात.

मांसाहारी दिवस वेगळे. कोंबडीच्या तंगड्या दही, आलं-लसूण, तिखट, थोडं मोहरीचं तेल लावून रात्रभर मुरवाव्या. आधी मोकळ्या बाजूला झाकणाखाली शिजू द्याव्या, शेवटी कोळशावर रंग आणावा. उलटं केलं तर वरून काळी आणि हाडापाशी कच्ची. टोचून बघायचा तापमापक पाच-सहाशे रुपयांना मिळतो, तो हाडाला न लावता मांसात खुपसायचा आणि ७४ अंश दिसले की उतरवायची. चरबी निखाऱ्यावर ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून सगळ्या पदार्थांवर बसते. तुकडे मोकळ्या बाजूला सरकवा आणि झाकण ठेवा, हवा कमी झाली की ज्वाळ आपोआप बसते. काळं करपलेलं टाकून द्यावं, चवीच्या नावाखाली खाऊ नये.

एकदा कोंबडी शिजत असताना भाऊजी जुन्या गाड्यांवर घसरले. कुठल्या फियाटचा कार्ब्युरेटर कसा होता इथपासून हेन्री फोर्डपर्यंत पोचले. मी म्हटलं, “भाऊजी, तुमच्या फोर्डनं कोळसापण विकलाय.” त्यांना खरं वाटेना. पण १९२० च्या दशकात फोर्डच्या गाड्यांत लाकूड बरंच लागायचं, मिशिगनमधल्या कारखान्यात त्याचे तुकडे आणि भुसा साचायचा, आणि त्याचा कोळसा करून त्याच्या वड्या पाडून फोर्डच्याच नावानं विकल्या जायच्या. तोच पुढे किंग्जफोर्ड कोळसा म्हणून प्रसिद्ध झाला. भाऊजी हे ऐकून चिमट्यानं एक निखारा उचलून असा निरखून बघत राहिले, जणू त्यावर कारखान्याचा शिक्का शोधतायत. “म्हणजे मी योग्य खात्यात आहे,” म्हणाले.

कोळसा कुठला घ्यावा, यावर मात्र मी ठाम आहे. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं लाकडाची टाल दाखवली, तिथला साधा लाकडी कोळसा मी भाज्यांना वापरते. लवकर पेटतो, आच कडक, वास छान. पण ठिणग्या उडतात आणि पोत्यात तळाशी चुरा फार निघतो. तो चुरा चिमणीत घालू नका, हवा अडते. नारळाच्या करवंटीच्या वड्या महाग पडतात, पेटायलाही वेळ घेतात, पण एकदा पेटल्या की आच एकसारखी आणि जास्त वेळ. बाफले आणि कोंबडीला त्याच. खाणीतला दगडी कोळसा अन्नाच्या जवळपास आणू नका, त्यात गंधक असतं. घेताना दोन कोळसे एकमेकांवर आपटून बघा: चांगला जळलेला कोळसा खणखणतो, ओला किंवा अर्धा कच्चा असेल तर बद्द वाजतो.

आता ग्रिलच्या उणिवा. राखेची ताटली उथळ आहे आणि उघडी आहे. उन्हाळ्यात माळव्यात वारा सुटला की राख थेट फरशीवर आणि शेजारच्या वाळत्या कपड्यांवर. या साच्याच्या महाग नगांना खाली बंद डबा असतो, परवडत असेल तर तोच घ्या. झाकणावरचा तापमापक वरच्या टोकाला असल्यानं जाळीपाशी जेवढी आच असते त्यापेक्षा जास्त दाखवतो. माझ्या ग्रिलमध्ये वीस-तीस अंशांचा फरक पडतो. तेवढा मनात धरून चालावं. चाकं प्लास्टिकची, फरशीवर ठीक, मातीत रुततात. झाकण लटकवायला आत आकडा हवा होता तो नाही, गरम झाकण जमिनीवर ठेवावं लागतं आणि लहान मुलं असलेल्या घरात हे मला अजिबात पसंत नाही. आणि खोक्यात पायांच्या नट-बोल्टची पुडीच नव्हती. दुकानदारानं ‘कंपनीला लिहा’ म्हणून हात वर केले. भाऊजींनी लोहामंडीतून स्टीलचे बोल्ट आणून बसवले, आता तो मूळच्यापेक्षा घट्ट उभा आहे. घ्याल तेव्हा दुकानातच खोकं उघडून भाग मोजून घ्या.

मुलामा चांगला आहे, हे नक्की. लोखंडी पत्र्यावर भाजलेलं काचेसारखं चिनी आवरण असतं, ते धगीला टिकतं आणि गंज धरू देत नाही. फक्त ते आपटून टवका उडाला तर तिथून गंज सुरू होतो, म्हणून झाकण फरशीवर आदळू देऊ नका. जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशनं घासा आणि मग ओल्या फडक्यानं पुसा, ब्रशची सुटलेली तार जाळीवर राहायला नको.

राखेचं काय करता, हेही विचारतात. इंदूरमध्ये कचरा वेगळा करण्याची सवय सगळ्यांना लागलीच आहे, पण गरम राख कचऱ्याच्या गाडीत कधीच देऊ नका. वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा जिवंत राहू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, पूर्ण निवू द्या. लाकडी कोळशाची राख अल्कधर्मी असते, त्यात पोटॅशियमचे आणि कॅल्शियमचे क्षार असतात. जैन काकू ती पितळेची भांडी घासायला नेतात. कुंड्यांत मी चिमूटभरच घालते. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, जास्त राख तिला मानवत नाही.

एक गोष्ट मी जरा आवाज चढवूनच सांगते. थंडीत गप्पा रंगल्या आणि गार वारा सुटला की कुणीतरी म्हणतंच, ग्रिल व्हरांड्यात घेऊ, खोलीत शेगडी ठेवू. अजिबात नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत तो झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. निखारे राखेखाली झाकले तरी तो येतच राहतो. गार वाटलं तर शाल घ्या, ग्रिल उघड्यावरच ठेवा. भाजून झालं की झाकण लावून वरच्या-खालच्या दोन्ही झडपा बंद करा. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चिमणीत चालतो. यात बचतही बरीच होते.

कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे उघडं अंगण किंवा मोकळी गच्ची आहे आणि पाच-सात माणसं नेहमी येणारी आहेत, त्यांनी. दोघांच्या घराला रोजच्या भाकरी-वांग्यासाठी हा मोठा पडतो, कोळसा वाया जातो. फ्लॅटच्या बाल्कनीत लावू नका, वरच्या घरात धूर आणि ठिणगी दोन्ही जातात. ज्यांच्या घरी आठ-दहापेक्षा जास्त माणसं जेवणार त्यांनी ५७ सेंटिमीटरचा घ्यावा. ४७ च्या जाळीवर मोकळ्या बाजूला एका वेळी दहा-बाराच बाफले बसतात आणि दुसऱ्या खेपेपर्यंत पहिल्यांचा फडशा पडलेला असतो. चिमणी, जादा जाळी, लांब चिमटा आणि पावसाळ्यासाठी जाड कव्हर हे चार जिन्नस मिळून अडीच-तीन हजार आणखी धरा. कव्हर घातलं तरी जून लागताच राख पूर्ण काढून ठेवायची, ओल धरलेली राख बुडाशी बसली की झडपा जाम होतात.